दुसऱ्याला वाचता येईल असं

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या आमच्या पेढीवर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर दोन गोष्टी शेजारीशेजारी मांडतात. लाल कापडी बांधणीची कोरी वही आणि माझा लॅपटॉप. मुनीमजी वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक काढतात आणि लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकवतात. हिशेब सगळा आता संगणकात असतो, वहीत वर्षभरात फारसं काही लिहिलं जात नाही. तरी त्या वहीकडे मी दर वर्षी आदराने पाहते. तिने जे साधलं, ते माझ्या कामाला अजून पुरतं साधायचं आहे.

जुन्या काळी मुनीम पेढीवर बहुतेक एकटाच असे. पण तो आजारी पडला, गावाला गेला, तर दुसऱ्या पेढीवरचा जाणता मुनीम येऊन त्याची कीर्द उघडू शके आणि पुढची ओळ लिहू शके. जमा कुठे, नावे कुठे, शिल्लक कशी ओढायची, कीर्दीतून खतावणीत काय उतरायचं, हे सगळ्या बाजाराचं ठरलेलं होतं. मुनीम पेढीवर एकटा असला, तरी आपल्या विद्येत एकटा नव्हता.

मी या पेढीची एकुलती एक सॉफ्टवेअर डेव्हलपर. माझ्यासारखे लोक आज गावोगावी आहेत. कोणी साखर कारखान्यात, कोणी इस्पितळात, कोणी शाळेत, कोणी वाहतूक कंपनीत. बाहेरून हे काम सोपं दिसतं, कारण चूक दाखवणारं कोणी नसतं. आतून ते अवघड आहे, तेही याच कारणाने.

विक्री साबणाची, सॉफ्टवेअर सोबतीला

दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला आपली छावणी वसवली. छावणीचं शहर झालं, पण नाव 'लष्कर' हेच राहिलं. त्या लष्करातला दौलतगंज हा बाजार. महाराज बाडा इथून जवळ. सकाळी हातगाड्या आणि लोडिंगच्या रिक्षा गल्लीत शिरल्या, की दुपारपर्यंत पायी चालायलाही जागा नसते. आमची पेढी साबण, टूथपेस्ट, तेल, बिस्किटं अशा रोजच्या मालाची घाऊक विक्री करते. शहरातली आणि आसपासच्या गावांतली किराणा दुकानं ही आमची गिऱ्हाइकं.

सॉफ्टवेअर कंपनीत कोड हाच माल असतो. तिथे एक जण लिहितो, दुसरा तपासतो, तिसरा चालवून पाहतो, चौथा सर्व्हर सांभाळतो. आमच्याकडे माल म्हणजे साबण. सॉफ्टवेअर हा खर्च, दिवाबत्तीसारखा. म्हणून ही चारही कामं एकाच खुर्चीवर येतात. वर प्रिंटर अडकला, वायफाय गेलं, सेठजींच्या मोबाइलमधले फोटो हरवले, तरी हाक एकच येते: "दीदी, ज़रा देखना."

तयार सॉफ्टवेअर असताना डेव्हलपर कशाला, असं कोणी विचारतं. हिशेबासाठी आमच्याकडेही टॅली आहेच. पण टॅलीचा जन्म कसा झाला, हे इथे आठवावं. श्यामसुंदर गोयंका यांचा व्यवसाय कारखान्यांना आणि कापडगिरण्यांना माल व सुटे भाग पुरवण्याचा. त्यांना मनासारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा गणित शिकलेल्या त्यांच्या मुलाने, भरत गोयंकांनी, ते लिहायला घेतलं. साल १९८६. म्हणजे आज देशभरच्या बाजारपेठांत हिशेबनीस ज्यावर काम करतात, ते सॉफ्टवेअर एका व्यापारी घराच्या गरजेतून जन्मलं. भरत गोयंकांना २०२०मध्ये पद्मश्री मिळाली.

त्याआधीची गोष्ट लंडनची. जे. लायन्स ही चहाची उपाहारगृहं चालवणारी, केक-बिस्किटं विकणारी कंपनी. तिने स्वतःसाठी 'लिओ' नावाचा संगणक बांधला आणि नोव्हेंबर १९५१मध्ये आपल्या बेकरीच्या मालाचा हिशेब त्यावर नेमाने करायला सुरुवात केली. व्यवसायाच्या रोजच्या कामाला लागलेला जगातला पहिला संगणक म्हणून तो ओळखला जातो. तंत्राचं सगळं तंत्रवाल्यांच्याच घरी घडतं, हा समज या दोन्ही गोष्टींपुढे टिकत नाही. ज्याच्या घरात गरज असते, तो रस्ता काढतो.

आमची गरज टॅलीच्या आधीची आणि नंतरची. सेल्समन गावातल्या दुकानातून मोबाइलवर ऑर्डर टाकतो. गोदामात कोणती पेटी आधी संपवायची, ते मुदतीच्या तारखेवर ठरतं. दहा पेट्यांवर एक फुकट अशी योजना महिन्याला बदलते आणि त्या फुकट पेटीचे पैसे कंपनीकडून वसूल करायचे असतात. या सुट्या धाग्यांना शिवण घालणं, हे माझं काम.

गादीशेजारी बसून

सुरुवातीला सेठजींनी एक साधी मागणी केली: ज्या दुकानाची उधारी ठरलेल्या मर्यादेपुढे गेली, त्याचं नवीन बिल बनूच नये. दुपारभरात मी ते करून दिलं. दोन महिन्यांनी उधारीची यादी काढली, तर एकाच दुकानाची दोन-दोन खाती. एकात नावापुढे 'स्टोर', दुसऱ्यात 'स्टोर्स'. सणाच्या गर्दीत जुनं गिऱ्हाईक काउंटरवर उभं होतं, त्याला रिकाम्या हाताने पाठवणं तिथल्या कामाच्या मुलांना शक्य नव्हतं. मशीन अडवतं म्हणून त्यांनी नवं खातं उघडलं. उधारी थांबली नव्हती, फक्त दिसेनाशी झाली होती.

मग मी आठवडाभर काउंटरवर मुनीमजींच्या शेजारी बसले. तेव्हा कळलं, की उधारीची मर्यादा ही भिंत नव्हतीच, ते दार होतं. मर्यादा ओलांडली की मुनीमजी सेठजींना विचारत, सेठजी त्या माणसाचा इतिहास आठवत आणि 'दे' किंवा 'नको' म्हणत. मी दार बुजवून टाकलं होतं. आता मर्यादेपुढचं बिल थांबतं, सेठजींच्या मोबाइलवर जातं आणि त्यांनी होकार दिला की सुटतं. कोणी, कधी, किती रकमेला होकार दिला, त्याची नोंद राहते. दुहेरी खाती हळूहळू बंद झाली.

बिगरतांत्रिक जागी काम करणाऱ्याने ही गोष्ट पहिल्यांदा शिकावी. मोठ्या कंपनीत गिऱ्हाईक आणि डेव्हलपर यांच्या मध्ये चार माणसं असतात आणि गरज त्यांच्यातून गाळून येते. इथे ती तुमच्या टेबलापाशी येऊन उभी राहते, पण सूचनेच्या वेशात. 'असं एक बटण दे' हे वाक्य म्हणजे मागणाऱ्याने स्वतःच काढलेलं उत्तर. त्यामागचा प्रश्न शोधायला त्याच्या शेजारी बसावं लागतं. एकट्या डेव्हलपरचं सगळ्यात मोठं बळ हेच. ज्याच्यासाठी तो लिहितो, तो माणूस हाकेच्या अंतरावर असतो.

दराला तारीख असते

१ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला. १ एप्रिल २०१८पासून पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर नेताना ई-वे बिल आलं. १ ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्याला दिलेलं प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून त्यावर क्यूआर कोड घेणं बंधनकारक झालं. यातलं काहीही आमच्या सोयीने आलं नाही. छोट्या पेढीचं सॉफ्टवेअर कायद्याच्या तारखेला तयार असावंच लागतं.

३ सप्टेंबर २०२५ला जीएसटी परिषदेने दर बदलले. साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. नमकीन आणि तूप १२वरून ५वर आलं. अंमल २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी. हातात तीन आठवडेही नव्हते आणि पुढे सणाची गर्दी.

इथे सॉफ्टवेअरच्या रचनेतला एक बारकावा समजून घेण्याजोगा आहे. नवशिका माणूस वस्तूच्या नोंदीत दराचा एक रकाना ठेवतो: साबण, १८. दर बदलला की १८ खोडून ५ लिहितो. वरवर काम झालं. पण १० सप्टेंबरला विकलेला साबण दुकानदाराने ५ ऑक्टोबरला परत केला, तर? परतीची क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दराने, १८ टक्क्यांनीच निघायला हवी. १८ तर खोडलेला. मग परतीवर ५ टक्के लागतात आणि आमचा, दुकानदाराचा आणि सरकारचा असे तिन्ही हिशेब एकमेकांशी जुळत नाहीत.

म्हणून दर वस्तूला चिकटवायचा नाही. दरांचं वेगळं कोष्टक करायचं आणि प्रत्येक दरापुढे 'या तारखेपासून' लिहायचं. बिल करताना प्रोग्रॅम बिलाच्या तारखेला लागू असलेला दर शोधतो आणि तो बिलाच्या ओळीवर कायमचा कोरतो. परत येताना तोच कोरलेला दर उचलला जातो. जुनं काही खोडायचं नाही, खाली नवी ओळ वाढवायची. मुनीमजींना हे सांगितलं, तर त्यांना नवल वाटलं नाही. त्यांच्या वहीत चुकलेली नोंदही कधी खोडत नाहीत, उलटी नोंद करून दुरुस्त करतात.

हे कोष्टक मी आधीच केलं होतं, म्हणून २१ तारखेच्या रात्री मला कोडला हात लावावा लागला नाही. नवे दर आणि पुढची तारीख आठवडाभर आधीच भरून ठेवली होती. २२च्या सकाळी पहिलं बिल ५ टक्क्यांचं निघालं.

रोजमेळ म्हणजे चाचणी

सगळंच असं नीट गेलं, असं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका दुकानाची जुनी बाकी दुरुस्त करायची होती. डेटाबेसला द्यायच्या आज्ञेचे दोन भाग असतात: काय बदलायचं आणि कोणत्या ओळीत बदलायचं. मी स्क्रीनवर पहिलाच भाग निवडला आणि आज्ञा चालवली. क्षणात साडेआठशे दुकानांची बाकी एकाच आकड्याची झाली. आदल्या रात्रीचा बॅकअप होता, तो चढवला. पण त्या दिवसाची बिलं गेली ती गेलीच. मुनीमजी, काउंटरवरचा एक मुलगा आणि मी, तिघांनी छापील प्रतींवरून ती रात्री अकरापर्यंत पुन्हा भरली. कोणी मला एक शब्द बोललं नाही. मला त्याचंच जास्त लागलं.

त्या रात्री कळलं, की माझ्याकडे हुशारी कमी पडत नव्हती, कमी पडत होते ते दुसरे डोळे. सॉफ्टवेअर कंपनीत कोणताही बदल दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जात नाही. एकट्याला ती नजर उभारावी लागते.

त्यासाठी काही सवयी आहेत. डेटा बदलताना आधी डेटाबेसचा व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, उघडायचा, आज्ञा चालवायची, किती ओळी बदलल्या तो आकडा पाहायचा आणि अपेक्षेइतकाच असेल तरच पक्कं करायचं, नाहीतर मागे फिरवायचं. प्रत्येक बदल गिटमध्ये नोंदवायचा. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५मध्ये तयार केलेली ही प्रणाली काय, कधी आणि कोणी बदललं ते जपते आणि का बदललं, ते आपण त्यात लिहू शकतो. नवा कोड आधी डेटाच्या नकलेवर चालवायचा. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक इमारतीच्या बाहेर. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप खरोखर चढवून पाहायचा. न तपासलेला बॅकअप ही नुसती आशा असते.

पण मला सगळ्यात उपयोगी पडली ती मुनीमजींची पद्धत. रोज संध्याकाळी ते रोजमेळ घालत: सकाळची शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च, बरोबर हातातली रोकड. मेळ बसला नाही, तर घरी जायचं नाही. मी तेच प्रोग्रॅमला शिकवलं. रोज रात्री तो दिवसाच्या बिलांची बेरीज दुकानांच्या खात्यांतल्या वाढीशी ताडतो. गोदामातून निघालेल्या पेट्या बिलांवरच्या पेट्यांशी ताडतो. कराची बेरीज पोर्टलवर गेलेल्या आकड्याशी ताडतो. एक रुपया जरी फरक आला, तरी सकाळी माझ्या आणि मुनीमजींच्या मोबाइलवर निरोप असतो. मुनीमजींना कोड वाचता येत नाही, पण आकडा खोटं बोलतोय की खरं, हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही. ते माझे परीक्षक आहेत.

भातखंड्यांची वही

एकट्या डेव्हलपरबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: तू गेलीस तर? उत्तरासाठी ग्वाल्हेरबाहेर जावं लागत नाही.

ख्यालाचं ग्वाल्हेर घराणं हे या शहराचं वैभव. पण बंदिशी गुरूच्या गळ्यात असत. शिष्याने वर्षानुवर्षं समोर बसावं, तेव्हा त्या उतरत. गळा गेला, की बंदीशही गेली. व्यवसायाने वकील असलेले मुंबईचे विष्णु नारायण भातखंडे गावोगावच्या गुणीजनांकडे जाऊन बंदिशी उतरवून घेत. देवनागरी अक्षरं आणि मोजकी चिन्हं यांची स्वरलिपी त्यांनी घडवली. महाराज माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने १९१८मध्ये ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय निघालं ते याच पद्धतीवर, आणि राजाभैया पूछवाले यांच्यासारखे इथलेच घराणेदार गायक तिथे शिकवू लागले.

स्वरलिपीवर आक्षेप होते आणि ते खोटे नव्हते. मींड कागदावर उतरत नाही, श्रुतीचा लगाव उतरत नाही. पण बंदिशीचा सांगाडा उतरतो आणि तेवढ्यावर जाणता गायक तिला पुन्हा उभी करू शकतो. सॉफ्टवेअरच्या नोंदींचंही असंच आहे. सगळं लिहिता येत नाही, लिहूही नये. कोड काय करतो, ते कोडच सांगतो. लिहायचं ते, जे कोड सांगू शकत नाही: असं का केलं. 'उधारीचं बिल अडवत नाही, थांबवतं, कारण अडवल्यावर दुहेरी खाती उघडली गेली होती.' ही एक ओळ नसेल, तर माझ्यानंतर येणारा माणूस पहिल्याच महिन्यात ते दार पुन्हा बुजवेल.

तंत्र निवडतानाही हाच विचार. नवी, चमकदार साधनं मोह घालतात आणि अडवणारं कोणी नसतं. पण कीर्दीचं बळ ती सगळ्या बाजाराला वाचता येण्यात होतं. म्हणून एकट्याने जुनी, रुळलेली, खूप लोकांना येणारी भाषा आणि डेटाबेस निवडावा. आपली हौस पेढीच्या गळ्यात बांधू नये.

एकटेपणाची जोखीम

एकटेपण मनालाच जाचतं असं नाही, ते यंत्रणेलाही घातक ठरतं. एक्सझेड हे फाइल लहान करण्याचं एक मुक्त सॉफ्टवेअर जगभरच्या लिनक्स सर्व्हरांवर असतं. वर्षानुवर्षं ते मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळत होता, दमलेला. त्याच्यावर कामाचा तगादा लावला गेला, मदतीला एक अनोळखी नाव पुढे आलं आणि हळूहळू विश्वास मिळवून त्या अनोळखी नावाने आत चोरवाट पेरली. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. तो खोलात गेला म्हणून ती चोरवाट पसरण्याआधी पकडली गेली. दमलेल्या एकट्या माणसाच्या दारातून सगळ्या जगात शिरता येतं, हा त्यातला धडा.

म्हणून या प्रश्नात मालकाचाही वाटा आहे. डोमेन, सर्व्हर, ईमेल ही सगळी खाती पेढीच्या नावावर असावीत, डेव्हलपरच्या खासगी ईमेलवर नाही. महत्त्वाचे पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत असावेत आणि बदलले की पाकीटही बदलावं. डेव्हलपरला वर्षातून सलग दहा दिवस रजा द्यावी आणि त्या दहा दिवसांत काय अडलं ते लिहून काढावं. ती यादी म्हणजे पुढच्या वर्षाचं काम. आणि वर्षातून काही दिवस बाहेरच्या जाणत्या माणसाला पैसे देऊन काम तपासून घ्यावं. आपण वहीखात्यांचं ऑडिट करतोच की.

डेव्हलपरनेही आपल्या बरोबरीच्यांत जात राहावं. ग्वाल्हेरात माधव इन्स्टिट्यूट ही अभियांत्रिकी संस्था १९५७पासून आहे, अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची माहिती तंत्रज्ञान संस्था १९९७पासून. तिथली पुष्कळ मुलं पदवीनंतर पुण्या-बंगळूरला जातात. पण शिकत असताना ती इथेच असतात, आणि त्यांना खऱ्या कामाची भूक असते.

गेल्या उन्हाळ्यात मी अशाच एका विद्यार्थ्याला दोन आठवड्यांसाठी बोलावलं. त्याच्या हातात कोरा संगणक दिला आणि मी लिहिलेली चाळीस पानांची पुस्तिका. सांगितलं, मला काही विचारायचं नाही, यावरून आपली सगळी यंत्रणा उभी कर आणि एक बिल छापून दाखव. मला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत होईल. दोन दिवस लागले. तीन पायऱ्या मी लिहिल्याच नव्हत्या. माझ्या हातांना त्या इतक्या सवयीच्या होत्या, की त्या पायऱ्या आहेत हेच मला दिसत नव्हतं. तो अडला, की त्या पानावर पेन्सिलने खूण करत होता. त्या तीन खुणा मला त्या वर्षातल्या सगळ्या कोडपेक्षा मोलाच्या वाटतात.

दुसऱ्या दिवशी चार वाजता प्रिंटरमधून बिल आलं. त्याने ते माझ्याकडे दिलं नाही, मुनीमजींपुढे नेऊन ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक ओळ उतरत खाली आले, कराचा आकडा मनात करून पाहिला.

"सही है," ते म्हणाले आणि बिल फाइलला लावायला हात पुढे केला. ते नमुन्याचं आहे, हे त्यांना सांगावं लागलं.